थायरॉइड सांगायचं आणि दुसरं झाकायचं?

ताई, मी 28 वर्षांची, तासगाव तालुक्यातली. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. बाविसाव्या वर्षी थायरॉइड निघालं. गेल्या वर्षी वजन उतरायला लागलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या, भडंगावर वरून मीठ घालून खायचे. सगळे म्हणाले, उन्हानं काळवंडली. थायरॉइडची गोळी वाढवली तर आणखीच बिघडलं. शेवटी उलट्या होऊन पडले, मिरजेत आयसीयूत ठेवलं. तिथं ॲडिसन निघालं. दोन ग्रंथींवर शरीरानंच हल्ला केलाय, याला ऑटोइम्यून पॉलिग्लँड्युलर सिंड्रोम टाइप 2 म्हणतात, असं डॉक्टर म्हणाले. घोट्यावर कोडाचा डागही आहे. आता गोळ्यांवर बरी आहे. कराडकडचं स्थळ आलंय, मुलगा मला आवडलाय. आई म्हणते, थायरॉइड सांगू, ते घरोघरी असतं. दुसरं लग्न झाल्यावर सांगू. डाग पायमोज्यात राहील. धाकटीचंही बघायचंय. मी काय करू? मला मुलं होतील का?
तासगावकडची एक मुलगी

अगं पोरी,

सुपारी फुटायच्या आधी सांग. मुलाला सांग, तू स्वतः सांग, आणि ॲडिसन हे नाव घेऊन सांग. उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण तुमच्याकडं ‘यादी पे शादी’ व्हायला वेळ लागत नाही. चहापोह्याला आलेली माणसं संध्याकाळपर्यंत अक्षता टाकून जातात. मग सांगायचं राहूनच जाईल.

आईचं म्हणणं मला कळतं. पण थायरॉइड तेवढं सांगायचं आणि ॲडिसन झाकायचं, यात ती नेमकी उलट बाजू झाकतेय. थायरॉइडची गोळी चार दिवस चुकली तर तू थोडी सुस्तावशील. ॲडिसनची गोळी ताप-उलट्यांत पोटात टिकली नाही, तर काही तासांत रक्तदाब ढासळतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. निरोगी माणसाला ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की त्या आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडतात. तुझ्या ग्रंथींना ते आता जमत नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, आणि तुला शुद्ध नसेल तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं. त्या दुसऱ्या माणसाला काही माहीतच नसेल तर?

आणि समज, नव्या घरात तुला चक्कर येऊन पडल्यावर सासूनं डॉक्टरांना सांगितलं, ‘हिला थायरॉइड आहे हो.’ डॉक्टर त्याच दिशेनं विचार करतील. तुझ्याच बाबतीत काय झालं ते आठव. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन, म्हणजे तुझी थायरॉइडची गोळी, वाढवलं की शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी भराभर खर्ची पडतं. म्हणून तर गोळी वाढवल्यावर तू खचलीस. या जोडआजारात आधी कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं स्टिरॉइड, मग थायरॉइडची गोळी, हा डॉक्टरांचा क्रम ठरलेला असतो. अर्धी माहिती तुला एकदा आयसीयूपर्यंत घेऊन गेली आहे. तीच अर्धी माहिती आहेर म्हणून सासरी न्यायची नाही.

माझ्या लहानपणी सांगलीच्या खणभागात आमच्या वाड्यात एक नवी सून आली होती. तिला लहानपणापासूनची साखर, इन्शुलिनवर होती. माहेरच्यांनी लपवलेलं. बिचारी इन्शुलिनची बाटली माठाखालच्या वाळूत गार ठेवायची आणि न्हाणीघराची कडी लावून टोचून घ्यायची. हरतालिकेला निर्जळी धरली, इन्शुलिन मात्र घेतलं, कारण उपास नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. दुपारी घामाघूम होऊन पडली, दात बसले. वाड्यातल्या बायका अंगात आलं म्हणून अंगारा आणायला धावल्या. समोरच्या खोलीत एक कंपाउंडर राहायचे, त्यांनी घामाचं अंग बघून ओळखलं आणि दवाखान्यात हलवलं, म्हणून ती वाचली. सगळं उघडकीला आल्यावर तिची सासू ओट्यावर बसून रडत होती, ‘मला सांगितलं असतं तर मी हिला उपास करू दिला असता का?’ तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ती सासू वाईट नव्हती गं. तिला फक्त कुणी विश्वासात घेतलं नव्हतं.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच ॲडिसन होता, थायरॉइडही कमी होतं. 1960 च्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी तो साफ नाकारला. पण ज्यांच्या हाती त्यांचा जीव होता त्या डॉक्टरांना तो पक्का माहीत होता. मतदारांपासून लपवणं वेगळं, उशाशी झोपणाऱ्या माणसापासून लपवणं वेगळं. म्हणून मी तुला भावकीत दवंडी पिटायला सांगत नाही. मध्यस्थाला तर एक अक्षर सांगू नकोस, त्याच्या तोंडून आजाराचं काय रूप बाहेर पडेल ते सांगता येत नाही. आधी मुलगा, मग त्याचे आईवडील. बस.

कसं सांगू, याची तुला धास्ती असणार. रडत नको, माफी मागत नको. फोनवर नको, समोर बसून. असं म्हण: ‘मला थायरॉइड आहेच, शिवाय ॲडिसन नावाचा एक आजार आहे. माझंच शरीर मूत्रपिंडांवरच्या माझ्या दोन ग्रंथींना परकं समजून त्यांना निकामी करतंय. त्या जे बनवायच्या ते मी गोळ्यांतून घेते, रोज, जन्मभर. नोकरी करते, सगळं करते. पण ताप, उलटी, अपघात, ऑपरेशन यांत मला जादा औषध लागतं, आणि उशीर झाला तर जिवावर बेततं. माझ्या घरच्या माणसाला एक इंजेक्शन देता आलं पाहिजे. तुम्ही शिकाल का?’

शेवटचा प्रश्न गाळू नकोस. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून तुला पत्रिकेतल्या छत्तीस गुणांपेक्षा जास्त कळेल. तो म्हणाला, ‘आईला विचारून सांगतो,’ तर वेळ दे. म्हणाला, ‘डॉक्टरांना भेटू या का,’ तर पुढच्या तपासणीला त्याला सोबत घेऊन जा, त्याला जे विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारू दे. आणि नाही म्हणाला तर दुखेल, खूप दुखेल. नाही म्हणणारा माणूस वाईटच असतो असं नाही, पण जे तो पेलणार नाही ते लग्नानंतर त्याच्या खांद्यावर आदळून तुझं भलं होणार नाही. आईला हेही सांग की हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली तर लग्न रद्द करून मागता येतं. कोर्टात काय ठरेल ते ठरेल, पण तोवर धाकटीच्या स्थळांपर्यंत ती बोंब पोचलेली असेल. ज्या भीतीनं आई झाकतेय तीच अंगावर येईल.

आता ‘स्टिरॉइड’ या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकला की लोक दचकतात, आणि सासरी कुणीतरी काढा सुचवून गोळ्या सोडायला सांगणारच. सांधेदुखीला किंवा दम्याला मोठ्या मात्रेत देतात ते स्टिरॉइड आणि तुझं यांत फरक आहे. तुझी हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा साधारण 15 ते 25 मिलिग्रॅमच्या आसपास असेल, दिवसात दोन-तीनदा विभागून, सकाळची सगळ्यात मोठी. निरोगी शरीर स्वतः बनवतं त्याच मापाच्या जवळपास. जोडीला मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन असेल. ही भर आहे, व्यसन नाही. पण मनानं वाढवायचीही नाही, जादा झाली तर हाडं ठिसूळ होतात, वजन चढतं. आणि एकदम बंद? कधीच नाही. कुणाच्याही सांगण्यावरून नाही, देवाच्या नावानं सांगितलं तरी नाही.

उपासाचं म्हणूनच आधी बोलून ठेव. वटपौर्णिमा कर, वडाला फेऱ्या मार, पण पाणी आणि गोळी चालू ठेवून. गोळीनं व्रत मोडत नाही. निर्जळी तुला नाही.

लग्नाच्या दिवसाचाही विचार आत्ताच करून ठेव. पहाटे उठून हळद, मे महिन्याचं ऊन, भरजरी शालू, अक्षता पडेपर्यंत नवरीनं उपाशी राहायचं, रात्री गोंधळ. तुझ्यासाठी हा दिवस म्हणजे अंगमेहनतीचा दिवस. डॉक्टरांना आधी विचार, त्या दिवशी मात्रा वाढवायची का, किती. पाठराखणीकडं पर्सऐवजी औषधांची पिशवी दे आणि तासातासाला मीठ-लिंबाचं सरबत द्यायचं काम तिच्यावर सोपव. तू भडंगावर मीठ घालून खायचीस ना, ती तुझ्या शरीराची मागणी होती. ग्रंथी मीठ धरून ठेवत नव्हत्या. लोकांना ती खोड वाटली.

तळहाताच्या काळ्या रेषांचंही तसंच. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी ‘आणखी बनवा’ म्हणून एसीटीएच हे हार्मोन भरमसाठ सोडते, आणि त्यामुळे त्वचेतला रंगही वाढतो. रेषा, हिरड्या, बोटांचे सांधे काळवंडतात. त्याच अंगावर दुसरीकडं तुझ्या घोट्याचा रंग उडाला, कारण तिथं शरीरानं रंग बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केला. मूळ एकच. कोड कुष्ठरोग नव्हे, कुणाला लागत नाही. पण पायमोजा किती दिवस घालशील? पहिल्या पावसात, पहिल्या अंघोळीत दिसेल. मी तर म्हणेन, मुलाला भेटायला जाशील तेव्हा चपला घालूनच जा.

सासरच्या कुणी वाचून विचारलं, ‘टीबीची पोरगी आहे का?’ तर गोंधळू नकोस. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये हा आजार लिहून ठेवला तेव्हा त्याचं एक ठळक कारण क्षयच होतं, आणि आपल्या देशात आजही टीबीमुळे या ग्रंथी निकामी झालेले रुग्ण दिसतात. म्हणून कारण नेमकं काय ते कागदावर असलेलं बरं. 21-हायड्रॉक्सिलेज या त्या ग्रंथींतल्या एन्झाइमविरुद्ध शरीरानं बनवलेल्या प्रतिपिंडांची तपासणी आणि ग्रंथींचा स्कॅन, असे अहवाल तुझ्या फायलीत असतील तर ती फाइलच सोबत घेऊन जा.

मुलांचं. उपचार नीट चालू असलेल्या बायकांना मुलं होतात. या आजारात काही जणींच्या बीजांडकोशांवरही हल्ला होऊन पाळी लवकर जाते, म्हणून तुझी पाळी नियमित आहे का ते डॉक्टरांना सांग आणि मूल लांबवायचं असेल तर त्यांना विचारूनच लांबव. दिवस राहिले की थायरॉक्सिनची गरज वाढते, शेवटच्या तिमाहीत हायड्रोकॉर्टिसोन वाढवावं लागू शकतं, आणि बाळंतपणात ऑपरेशनसारखंच जादा स्टिरॉइड देतात. म्हणजे पुन्हा तेच, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक हवं. तुझ्या बाळाला हा आजार होईलच असं नाही. टाइप 2 मध्ये अनेक जनुकांची मिळून एक ओढ असते. एकाच जनुकातल्या बिघाडानं होतो तो टाइप 1, लहानपणीच सुरू होणारा, तुझा तो नव्हे. इंटरनेटवर दोन्हींची सरमिसळ असते, ती वाचून जागरणं करू नकोस. धाकटीची मात्र एकदा थायरॉइड तपासणी करून घ्या, आणि तुझ्यासारखी लक्षणं काय असतात ते तिला सांगून ठेव. तिच्यापासून लपवणं हा तर तिच्यावर अन्याय आहे. तुझंही अजून संपलेलं नाही, साखर आणि बी 12 अधूनमधून बघत राहायचं.

आईवर चिडू नकोस. आयसीयूच्या काचेबाहेर तिनं रात्री काढल्या आहेत, आणि आता ‘पोरगी उजवायची राहिली’ हे चार तोंडांतून ऐकतेय. तिला पुढच्या तपासणीला घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर एकच प्रश्न विचार: ‘सासरी कुणाला माहीत नसेल तर काय होईल?’ उत्तर त्यांच्या तोंडून ऐकू दे. तुझ्या-माझ्या सांगण्यापेक्षा ते लवकर पटेल.

आणि हे लग्न होवो न होवो, तुझ्या पिशवीचं बघ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा औषधांची दुकानंसुद्धा पाण्यात होती, आणि तुझ्या गोळ्या एरवीही प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. पावसाळ्याआधी दोन महिन्यांचा साठा घरात हवा, थोडा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मोबाइलच्या कव्हरमागं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेव: ॲडिसनची रुग्ण, बेशुद्ध असेन किंवा उलट्या होत असतील तर ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात. खाली डॉक्टरांचा नंबर. तापात गोळ्या किती वाढवायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. इंजेक्शनची कुपी, त्यात मिसळायचं इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, सिरिंज एका डब्यात ठेव, आणि ती पावडर पाण्यात कशी मिसळायची, मांडीत कशी टोचायची ते आधी आईला आणि धाकटीला शिकव. नर्सबाई दहा मिनिटांत दाखवतील. कुपीवरची तारीख आज रात्रीच बघ. मिरजेहून आणल्यापासून तो डबा तू उघडला नसशील असं मला वाटतंय.

तुझी,
ताई