पियानोवर घर चालेल का?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वडिलांचं पत्र : "मुलगी दहावीत आहे. चार वर्षं पियानो शिकतेय. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, क्लासमध्ये पियानो. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षामंडळाची चौथी ग्रेड डिस्टिंक्शनने झाली. पियानिस्टच व्हायचं, अकरावी नको, म्हणते. काय करावं?"

नमस्कार,

अकरावी होऊ द्या, शाखा कोणतीही चालेल. शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी करायची तर पदवी मागतात, बऱ्याच ठिकाणी बी.एड.ही.

आधी मार्कशीट काढून परीक्षेचा प्रकार पाहा. 'प्रॅक्टिकल' असेल तर १५० पैकी ९० गुण तीन पीसेसचे, म्हणजे तयार करून आणलेल्या रचनांचे. उरलेले ६० स्केल्स (स्वरांचे चढ-उतार), साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं) आणि ऑरल (ऐकून ओळखणं) यांचे. 'परफॉर्मन्स' असेल तर चार पीसेस वाजवून रेकॉर्डिंग पाठवायचं. अनोळखी नोटेशन वाचायची वेळच येत नाही. मग वर्षभर तेच चार पीसेस घोटले जातात, डिस्टिंक्शन मिळतं आणि नवं पान समोर आलं की मूल अडखळतं.

घरीच तपासा. ग्रेड दोनचा, तिने कधी न वाजवलेला पीस ठेवा. अर्धा मिनिट नुसतं वाचू द्या, मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून न थांबता वाजवायला सांगा. चुकलेला स्वर सुधारायला ती मागे जात असेल, तर रोज दहा मिनिटं हाच सराव, महिनाभर. डाव्या हाताकडेही लक्ष द्या. पेटीवर तो भात्यात अडकतो, कीबोर्डवर ऑटो-रिदमच्या, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या साथीच्या भरवशावर आळसावतो.

कीबोर्ड आता बदलाच. हलक्या पट्ट्यांवर हळू-जोरात वाजवण्याचा फरक बोटांना कळत नाही. ८८ पट्ट्या, हॅमर अ‍ॅक्शन (खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्या), न डगमगणारा स्टँड असा डिजिटल पियानो साधारण पन्नास हजारांच्या आसपास येतो. जुना अपराइट, म्हणजे तारांचा उभा पियानो, स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. त्यात दोनशेहून जास्त तारा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. वर्षातून दोनदा ट्यूनिंग धरा. तारा ताणणाऱ्या पिना बसवलेला लाकडी ठोकळा चिरला असेल, तर आज लावलेला सूर आठवड्यात उतरतो.

आता पोटापाण्याचं. फक्त मैफिलींवर जगणारे पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोवादक भारतात फार थोडे, आणि त्यातले बहुतेक पाच-सात वर्षांचे असताना पियानोला बसलेले. तुमच्या मुलीसाठी खरा रस्ता शिकवण्याचा आहे, आणि तो कमीपणाचा नाही. एबीआरएसएमची सहावी ग्रेड देण्याआधी सहसा पाचवीची थिअरी लागते, ती बोर्डाची परीक्षा संपताच उरकावी. ट्रिनिटी या लंडनच्या दुसऱ्या परीक्षामंडळात ती अट नाही, पण शिकवायचं तर थिअरी हवीच. रोज दीड-दोन तास बसली तर बारावीनंतर वर्षभरात शेवटची, आठवी ग्रेड जमावी. मग पदवी करता करता एबीआरएसएमचा एआरएसएम किंवा ट्रिनिटीचा एटीसीएल हा डिप्लोमा. वरच्या ग्रेडसाठी नाशिकमध्ये गुरू जमला नाही, तर महिन्यातून दोन रविवार सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई, बाकी सराव घरी.

शिकवण्याचा हिशेब असा मांडा : बारा विद्यार्थी, महिना अडीच हजार, म्हणजे तीस हजार. पण मुलं शाळा सुटल्यावरच येतात, म्हणजे तिची कमाई संध्याकाळी चार ते आठ याच वेळात. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये गावाला. बारापैकी पाच गळतात. म्हणून फी तिमाही आणि आगाऊ घ्यायची, हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगायचं.

मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर सराव रेटू नका. स्टूल बहुतेकदा खाली असतं. कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल इतकं वर घ्या. तरी दुखलं तर डॉक्टरांना दाखवा.