कॅल्शियम धरणारी प्रथिनं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : कॅल्मोड्युलिन आणि पार्व्हाल्ब्युमिन या दोन्ही प्रथिनांत ईएफ-हँडच असतो. मग एक निरोप पोचवतं आणि दुसरं नुसतं कॅल्शियम धरून ठेवतं, हे कसं?

उत्तर : आधी पकड पाहू. ईएफ-हँड म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली दोन हेलिक्स (मळसूत्री वेटोळी) आणि त्यांच्यामधला 12 अमिनो आम्लांचा लूप, म्हणजे वळण. उजव्या हाताची तर्जनी ताठ ठेवा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा आणि मधलं बोट आत वळवा. तर्जनी म्हणजे ई-हेलिक्स, अंगठा म्हणजे एफ-हेलिक्स आणि वळलेलं बोट म्हणजे लूप. कॅल्शियम त्या वळणात बसतं. लूपमधल्या 1, 3, 5, 7, 9 आणि 12 या जागा त्याला ऑक्सिजन पुरवतात. पहिल्या जागी जवळजवळ नेहमीच अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. सहाव्या जागी बहुधा ग्लायसिन, कारण तिथे लूप इतका तीव्र वळतो की मोठी बाजूसाखळी मावतच नाही. सातवी जागा प्रथिनसाखळीच्या मुख्य कण्यातला ऑक्सिजन देते, नववी बहुतेकदा पाण्याच्या रेणूमार्फत, आणि बाराव्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल एकटंच दोन ऑक्सिजन देतं. असे एकूण सात. ही रचना कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिनच्या स्फटिकावरून रॉबर्ट क्रेटसिंगर यांच्या गटाने 1973 मध्ये दाखवली.

हे हात सहसा जोडीने असतात. दोन लूप एकमेकांना चिकटून छोटीशी बीटा-पट्टी तयार करतात, त्यामुळे एकात कॅल्शियम बसलं की दुसऱ्यात बसणं सोपं जातं.

फरक पडतो तो कॅल्शियम बसल्यानंतर. कॅल्मोड्युलिनमध्ये चार हात आहेत, दोन-दोन प्रत्येक टोकाला. कॅल्शियम आल्यावर बाराव्या जागेचं ग्लुटामिक आम्ल त्याच्याकडे ओढलं जातं, हेलिक्स एकमेकांपासून फाकतात आणि मेथिओनिनने भरलेला पाणी टाळणारा खळगा उघडा पडतो. मेथिओनिनची साखळी लवचीक असते, म्हणून तो खळगा शेकडो वेगवेगळ्या भागीदारांना सामावून घेतो. मायोसिन लाइट चेन कायनेजचंच पहा. या एन्झाइमचा सुमारे 20 अमिनो आम्लांचा तुकडा कॅल्मोड्युलिनची दोन्ही टोकं दोन बाजूंनी कवेत घेतात, एन्झाइमवरचं स्वतःचं कुलूप निघतं आणि काम सुरू होतं.

पार्व्हाल्ब्युमिनमध्ये तीन हात, पण पहिला कॅल्शियम धरत नाही. तो उरलेल्या जोडीच्या पाणी टाळणाऱ्या बाजूवर झाकणासारखा बसलेला असतो. त्यामुळे कॅल्शियम आलं तरी बाहेर काही उघडं पडत नाही आणि भागीदारही जुळत नाही. म्हणून केवळ अनुक्रमात ईएफ-हँड दिसला की प्रथिनाला ‘संवेदक’ (कॅल्शियमचा निरोप पोचवणारं) म्हणून टाकू नये. कॅल्शियम बसल्यावर आकार किती बदलतो, पकड किती घट्ट आहे आणि ती किती वेगाने लागते-सुटते, हे कळल्याशिवाय काम सांगता येत नाही.

प्रश्न : पेशीत मॅग्नेशियम कितीतरी जास्त असतं. ते या जागा का बळकावत नाही?

उत्तर : काही ठिकाणी बळकावतं, आणि त्याचा उपयोगही होतो. पेशीद्रव्यात मुक्त कॅल्शियम सुमारे 100 नॅनोमोलर, मुक्त मॅग्नेशियम मात्र 0.5 ते 1 मिलिमोलर, म्हणजे हजारो पट. पण मॅग्नेशियमचा आयन लहान आहे, त्याला सहाच ऑक्सिजन हवे असतात आणि स्वतःभोवतीचं पाणी तो सहज सोडत नाही. लूपमध्ये शिरला तरी बाराव्या जागेचा एकच ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे हेलिक्स पुरते फाकत नाहीत आणि खोटा निरोप जात नाही.

विश्रांतीत असलेल्या स्नायूत पार्व्हाल्ब्युमिनच्या जागा बहुतांशी मॅग्नेशियमनेच भरलेल्या असतात. कॅल्शियमची लाट आली की मॅग्नेशियम सुटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ट्रोपोनिन-सीला (कॅल्शियम धरून आकुंचन सुरू करणाऱ्या प्रथिनाला) आपला वाटा मिळून आकुंचन होऊन जातं. पार्व्हाल्ब्युमिन मागाहून कॅल्शियम टिपतं आणि स्नायू लवकर सैल पडतो. ते रिकामं बसलेलं असतं तर आकुंचनाच्या आधीच कॅल्शियम गिळून बसलं असतं.

प्रश्न : कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याने पेशीतलं हे कॅल्शियम वाढतं का?

उत्तर : नाही. निरोगी माणसाच्या रक्तातली पातळी पॅराथायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंड आणि हाडं मिळून अरुंद मर्यादेत ठेवतात, आणि पेशीपटलावरचे पंप आत शिरलेलं कॅल्शियम सतत बाहेर फेकतात. बाहेर मुक्त कॅल्शियम एक मिलिमोलरच्या वर, आत त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकं. हा उतार राखायला पेशी भरपूर एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करते, कारण आत ते साठलं तर फॉस्फेटबरोबर साका बसेल.

प्रश्न : कॅल्मोड्युलिन बनवणारी तीन जनुकं माणसात आहेत आणि तिन्हींतून तंतोतंत एकच प्रथिन तयार होतं. मग एका प्रतीतल्या दोषाने हृदयविकार कसा होतो?

उत्तर : तीन जनुकांच्या सहा प्रती, त्यांतली एक बिघडलेली, तरी जीवघेणी अतालता होऊ शकते, हे खरं आहे. कारण बिघडलेलं प्रथिन नुसतं निकामी नसतं, ते जागा अडवतं. हृदयपेशीतल्या एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिनीवर (कॅल्शियम आत सोडणाऱ्या पटलावरच्या दारावर) कॅल्मोड्युलिन कॅल्शियम येण्याआधीच बसलेलं असतं. कॅल्शियम आत आलं की ते त्याला धरतं आणि वाहिनी मिटते. डी130जी या दोषात चौथ्या लूपच्या अगदी पहिल्या जागचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन ग्लायसिन येतं. पहिली जागा गेली की त्या हाताची पकड जवळजवळ संपते. असं कॅल्मोड्युलिन वाहिनीवर बसतं, पण तिला वेळेवर मिटवत नाही. आत येणारा प्रवाह लांबतो आणि ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोक्याची विद्युत क्रिया सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ) वाढतं. प्रत्येक वाहिनीला एकच जागा, आणि हृदयपेशीतल्या हजारो वाहिन्यांपैकी थोड्या जरी उशिरा मिटल्या तरी लय बिघडते.

प्रश्न : प्रयोगशाळेत कॅल्शियम न घालताही आमचं कॅल्मोड्युलिन जेलवर (प्रथिनं पळवून वेगळी करण्याच्या थरावर) कॅल्शियम धरलेलं दिसतं. आणि ईजीटीए (कॅल्शियम घट्ट धरणारं रसायन) वापरून 1.35 मायक्रोमोलर मुक्त कॅल्शियमचं द्रावण केलं, तर प्रत्यक्षात भलतंच जास्त भरतं. काय चुकतंय?

उत्तर : पहिल्या अडचणीचं कारण बहुधा पाणी आणि काच. काचेच्या बाटलीत ठेवलेल्या शुद्ध पाण्यातही काही मायक्रोमोलर कॅल्शियम उतरतं आणि कॅल्मोड्युलिनच्या सी-टोकाला (साखळीच्या शेवटाकडच्या हातांच्या जोडीला) अर्धवट भरायला तेवढं पुरतं. सगळी द्रावणं प्लॅस्टिकमध्ये ठेवा, बफर चीलेक्स रेझिनवरून (धातूंचे आयन धरून ठेवणाऱ्या) काढा. जेलसाठी एका नमुन्यात 5 मिलिमोलर ईजीटीए आणि दुसऱ्यात 5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, मध्ये एक खाना रिकामा सोडा, नाहीतर शेजारचं कॅल्शियम झिरपून दोन्ही पट्टे अस्पष्ट होतात. कॅल्शियमवालं प्रथिन पुढे पळतं, ईजीटीएवालं मागे राहतं. फॉस्फेट बफर मात्र अजिबात नको.

दुसऱ्या अडचणीत दोन दोष एकमेकांत मिसळतात. 7.2 पीएचला ईजीटीएचा विघटन स्थिरांक (अर्ध्या ईजीटीएवर कॅल्शियम बसलेलं असताना मोकळं राहणारं कॅल्शियम) सुमारे 150 नॅनोमोलर आहे, म्हणून 10 मिलिमोलर ईजीटीएत 9 मिलिमोलर कॅल्शियम घातलं की 9 : 1 या गुणोत्तराने 1.35 मायक्रोमोलर यायला हवं. पण ईजीटीएची पावडर वजनाने 95 टक्केच शुद्ध असेल, तर खरं ईजीटीए 9.5 मिलिमोलर, मोकळं फक्त 0.5, आणि गुणोत्तर 18 : 1. उत्तर थेट दुप्पट, 2.7 मायक्रोमोलर. गुणोत्तर 1 : 1 च्या जवळ असेल तर हीच चूक फारशी दिसत नाही.

त्यात भर पीएचची. कॅल्शियमचा प्रत्येक आयन धरताना ईजीटीए जवळजवळ दोन प्रोटॉन सोडतं. 9 मिलिमोलर कॅल्शियम म्हणजे सुमारे 18 मिलिमोलर आम्ल, आणि 10 मिलिमोलर हेपेस (पीएच सांभाळणारा बफर) त्यापुढे टिकत नाही. पीएच 0.2 ने उतरला की मुक्त कॅल्शियम सुमारे अडीच पट होतं. म्हणून कॅल्शियम घालून झाल्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच पुन्हा 7.2 वर आणा. याहून चांगलं म्हणजे एक द्रावण मोकळ्या ईजीटीएचं आणि एक कॅल्शियम-ईजीटीएचं, दोन्ही 100 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि 30 मिलिमोलर मॉप्स बफरमध्ये 7.2 ला बसवून ठेवायची आणि हव्या त्या प्रमाणात मिसळायची. एक मायक्रोमोलरच्या वर काम असेल तर ईजीटीए सोडून एचईडीटीए (तसंच, पण कॅल्शियम जरा सैल धरणारं रसायन) घ्या, त्याचा स्थिरांक काही मायक्रोमोलर असल्याने तिथे बफर खरोखर काम करतो.

आणि प्रथिन मोजताना 280 नॅनोमीटरवर आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. कॅल्मोड्युलिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन दोनच. मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम असलं तरी शोषण 0.18 च्या आसपासच येतं.