जादू धोकादायक वाटावी आणि तरीही जादूगार खेळावासा वाटावा, असे नियम कसे बांधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांसाठी तुम्ही स्वतःचा फँटसी आरपीजी लिहिताय, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा खेळ. प्रत्येक स्पेलला, म्हणजे जादूच्या मंत्राला, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि 1 पडला की काहीतरी भयंकर घडायचं, असा नियम ठेवलाय. एकाचा जादूगार दुसऱ्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या दुसऱ्याच बैठकीत, मेला आणि आता जादूगार घ्यायला कोणी तयार नाही. धोका ठेवू की काढून टाकू? आणि जखमा बऱ्या करणाऱ्या जादूलाही तो लावू का?

धोका ठेवाच. मला जादूगार खेळायला आवडतात ते त्यासाठीच. पण तुमच्या नियमात खेळाडूला ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. 'स्पेल टाकू की नको' एवढंच त्याच्या हातात आहे, आणि दोनदा हात पोळला की कोणीही 'नको' म्हणणार. किती धोका पत्करायचा हे फासा हातातून सुटण्याआधी खेळाडूला ठरवता आलं पाहिजे.

आधी गणित बघा. वीसात एक म्हणजे 5 टक्के, ऐकायला किरकोळ. पण जादूगार एका सेशनमध्ये दहा स्पेल टाकत असेल, तर त्या संध्याकाळी निदान एकदा 1 पडण्याची शक्यता 40 टक्के आहे. समजा, तुम्ही मृत्यू आणखी दुर्मीळ केलात, शंभरात एक. वीस सेशनचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी एक कथा, धरलं तर दोनशे स्पेल होतात, आणि शंभर जादूगारांपैकी साधारण तेराच त्यातून जिवंत सुटतात. जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खलनायकाला हा नियम जाचत नाही, कारण तो उभ्या आयुष्यात तीन-चार स्पेल टाकतो आणि संपतो. खेळाडू मात्र दर आठवड्याला फासे टाकत असतो. नियम दोघांना सारखाच लावला तरी त्याचा भार खेळाडूवरच येतो.

वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या आरपीजीची 2005 ची दुसरी आवृत्ती मिळाली तर जरूर वाचा. धोकादायक जादूची मला सगळ्यांत आवडणारी रचना तिच्यात आहे. जादूगाराच्या मॅजिक या गुणाचा जितका आकडा, तितके दहाचे फासे त्याला टाकता येतात. त्याहून कमी टाकायचीही मुभा आहे. फासे जास्त तर बेरीज मोठी, आणि अवघड स्पेल साधायची शक्यताही मोठी. मात्र दोन फाशांवर सारखा आकडा आला की किरकोळ शाप लागतो, तीन सारखे आले की मोठा, चार सारखे आले की अनर्थ. आता टक्के बघा. दोन फासे टाकले तर काहीतरी जुळण्याची शक्यता 10 टक्के, तीनला 28, चारला जवळपास 50. पण चारही सारखे येण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे लहानसहान विघ्नं सतत येत राहतात, आणि अनर्थ नुसता डोक्यावर टांगलेला असतो. किरकोळ तक्त्यातले निकालही सुंदर आहेत: आसपासचं दूध नासतं, नाकातून रक्त येतं. कोणी मरत नाही, पण सरायवाल्याला कळतं की आपल्याकडे जादूगार उतरलाय, आणि तिथून गोष्ट भलतीकडे वळते.

डन्जन क्रॉल क्लासिक्स (2012) हा आरपीजी वेगळ्या वाटेने जातो. त्यात स्पेलबर्न नावाचा नियम आहे. जादूगार स्वतःची शक्ती, चपळाई किंवा दम यांतले गुण जाळतो, आणि जाळलेल्या प्रत्येक गुणामागे रोलमध्ये एकाची भर पडते. ते गुण नंतर भरून येतात, पण दिवसाला एक या गतीने, तेही त्या दिवशी पुन्हा काही जाळलं नाही तरच. किंमत आधी आणि रोखीने मोजायची. त्यामुळे 'किती जाळतोस?' हा प्रश्न सगळं टेबल मिळून विचारतं, आणि ज्याची पाळी नाही तोही पुढे सरकून बसतो. मला तरी याहून चांगला क्षण दुसऱ्या कुठल्या नियमातून मिळालेला नाही.

याउलट डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीतला (2014) वाइल्ड मॅजिकवाला, म्हणजे बेभरवशाच्या जादूचा, सॉर्सरर हा जादूगार घ्या. जीएमने सांगितलं की वीसचा फासा टाकायचा, 1 आला तर शंभर आकड्यांच्या तक्त्यावर जायचं. त्या तक्त्यात एक निकाल आहे, स्वतःला मध्यभागी धरून फुटणारा फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा. सहाचे आठ फासे, सरासरी 28 नुकसान, सेव्ह, म्हणजे बचावाचा रोल, साधला तर निम्मं. पहिल्या लेव्हलच्या पार्टीला ते निम्मंही बहुतेक वेळा पुरतं. हे घडण्याची शक्यता हजारात एक, पण घडलं तर ते कोणी ओढवून घेतलेलं नसतं, आणि मला तेच खटकतं. त्याच पुस्तकातलं विश हे इच्छा पुरवणारं स्पेल पाहा. दुसऱ्या एखाद्या स्पेलची नक्कल करण्यापलीकडे त्याच्याकडून काही मागितलं, तर ते पुन्हा कधीच टाकता न येण्याची शक्यता 33 टक्के आहे, आणि मागणाऱ्याला ती आधीपासून माहीत असते.

तुमच्या खेळासाठी मी असं सुचवेन. शिकलेलं स्पेल साध्या रूपात एका सहाच्या फाशावर चालतं, धोका शून्य. जास्त लांब पोचायचं असेल, जास्त माणसं झाकायची असतील, तर खेळाडूने हवे तितके फासे वाढवावेत. दोन फाशांवर सारखा आकडा आला की जादू उलटते. दोन फाशांना ही शक्यता 17 टक्के, तीनला 44, चारला 72, पाचला 91. ही चढण इतकी उभी आहे की तीन आणि चारच्या मधे खेळाडू खरोखर अडखळतो. जो आकडा जुळला त्यावरून काय बिघडलं ते ठरवा. सहा ओळींचा तक्ता पुरतो. आणि जादू उलटली तरी स्पेल लागू पडलंच पाहिजे. एकाच रोलमध्ये स्पेलही फुकट आणि वर शिक्षाही, असं झालं की पुढच्या वेळी तो तलवारच काढेल.

तक्त्यात हिट पॉइंटचं, म्हणजे पात्राच्या जिवाच्या आकड्याचं, नुकसान लिहू नका. ते एका रात्रीच्या झोपेत भरून येतं आणि विसरलं जातं. पहाटेपर्यंत वाचा जाते, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याशी बोलायचं काम दुसऱ्याला करावं लागतं. ज्याला वाचवण्यासाठी स्पेल टाकलं, त्याचंच नाव जादूगार विसरतो. सावली उलट्या बाजूला पडू लागते, आणि ती ओळखणारे लोक त्या नगरात आहेत. असल्या निकालांनी खेळाडूचा पुढचा बेत बदलतो. भार आधी जादूगारानेच सोसावा. शेजारच्या योद्ध्याला चटका बसायला लागला की टेबलावर ठरावच होतो, जादू बंद.

आता बऱ्या करणाऱ्या जादूचं. तिला हाच तक्ता लावू नका, कारण ती टाकायची वेळ येते तेव्हा कोणीतरी मरणाच्या दारात असतं आणि फासे वाढवायचे की नाही याला खरा पर्यायच नसतो. तिथे धोका दिवसभरात साठत जाऊ द्या. डन्जन क्रॉल क्लासिक्समध्ये क्लेरिकवर, म्हणजे देवाकडून जादू मिळवणाऱ्या पुजाऱ्यावर, देवाची नाराजी सकाळी फक्त 1 वर ओढवते. मग फसलेल्या प्रत्येक स्पेलगणिक ती हद्द एकाने वाढते, 2, 3, 4. तुम्ही ती प्रत्येक उपचारामागे वाढवा आणि उतरवण्यासाठी नवस ठेवा. पहिल्या जखमेला कोणी विचार करणार नाही. चौथ्या जखमेच्या वेळी मात्र देवाला काय कबूल करायचं आणि ते फेडायचं कोणी, हे पार्टीला आधी आपसांत ठरवावं लागेल.