दगडातला पंखा आणि माशाचा पर

प्रश्न : वाघोलीकडे खडीच्या ढिगात तळहाताएवढा काळा दगड मिळाला. त्यात पांढऱ्या रेषांचा पंखा आहे, थेट युस्थेनॉप्टेरॉन या प्राचीन माशाच्या परासारखा. जीवाश्म असेल का?

उत्तर : नाही. युस्थेनॉप्टेरॉन हा मांसल परांच्या माशांपैकी, ट्रिस्टिकॉप्टेरिडी या लुप्त कुळातला. हे कूळ डेव्होनियन काळाच्या अखेरीस, सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वी संपलं. पुण्याचा काळा पाषाण म्हणजे गोठलेला लाव्हा, वय जेमतेम 6.6 कोटी. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तळ्याचा गाळ सापडतो, नागपूरकडे त्यात माशांचे अवशेषही मिळतात, पण तेही लाव्हाच्याच काळातले.

तुमचा पंखा बहुधा झिओलाइट या खनिजाचा. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून हे स्फटिक वाढतात. दहापट भिंग घ्या आणि पंख्याचं मूळ पाहा. झिओलाइटच्या सुया एका बिंदूतून फुटतात, सलग आणि चकचकीत असतात. युस्थेनॉप्टेरॉनच्या पराच्या मुळाशी मात्र दंडाचं एकच जाड हाड, त्याला जोडून कोपराखालची दोन, मग मनगटाकडची लहान हाडं आणि शेवटी बारीक काड्या. या काड्यांना बांबूसारखी पेरं असतात. पेरं दिसत नसतील तर पुढे तपासायची गरजच नाही. ॲसिड मात्र ओतू नका; फसफसलं तर कॅल्साइट हे चुन्याचं खनिज आहे एवढंच कळेल, आणि चांगला स्फटिक खराब होईल.

खरे नमुने कॅनडात, क्वेबेकमधल्या मिग्वाशाच्या कड्यांत मिळतात. तिथल्याच माशाचं वर्णन 1881 मध्ये झालं. पुढे स्टॉकहोमचे जीवाश्मतज्ज्ञ एरिक यार्विक यांनी एक कवटी थराथरानं घासत, प्रत्येक थराचं चित्र काढत मेणाचा मोठा नमुना घडवला. मूळ कवटी त्यात संपलीच. आता हेच काम सीटी स्कॅनवर होतं.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी या माशाची मातीची प्रतिकृती करायची आहे. परांना बोटं दाखवावीत का?

उत्तर : मुळीच नकोत. बोटं नंतरच्या चतुष्पादांत, म्हणजे चार पायांच्या प्राण्यांत आली. पाठीवरचे दोन्ही पर शेपटीकडे सरकवून लावा, शेपटी तीन टोकांची करा. मोठा मासा दीड मीटरच्या पुढे जाई, तेव्हा 30 सेंटिमीटरची प्रतिकृती केली तर पाचास एक हे प्रमाण सोयीचं. पातळ पर वाळताना तडकतात, म्हणून आत तार घाला. आणि त्याला चिखलात चालताना दाखवू नका, तो पाण्यातच दबा धरून शिकार करणारा मासा होता.