‘एम्सची तार’ आणि नकाशावरचे ‘बाड एम्स’

इतिहासाच्या पुस्तकात १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाला निमित्त ठरलेल्या ‘एम्सच्या तारे’चा उल्लेख येतो, पण जर्मनीच्या नकाशावर त्या जागी ‘बाड एम्स’ असे नाव दिसते. ही दोन गावे एकच की वेगळी, हा ‘बाड’ काय आहे, आणि अशा गावाला मराठीत ‘स्पा टाउन’ न म्हणता काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे.

गाव एकच. कोब्लेंट्सच्या पूर्वेला, ऱ्हाइनला मिळण्यापूर्वी लान नदी जिथे डोंगरांच्या अरुंद खोऱ्यातून वाहते, तिथे तिच्या दोन्ही काठांवर ते वसलेले आहे. ‘बाड’ हा जर्मन भाषेतला साधा शब्द असून त्याचा अर्थ स्नान किंवा स्नानगृह असा आहे. त्याचेच जुने अनेकवचनी रूप ‘बाडन’ हे बाडन-बाडन आणि वीसबाडन या गावांच्या नावांत दिसते. मात्र नावाच्या आधी लागणारा ‘बाड’ आज केवळ वर्णन करणारा शब्द राहिलेला नाही. तो एक दर्जा आहे. गावातील पाण्याचे औषधी गुण, उपचारांची सोय, हवा या सर्व गोष्टी शासनमान्य कसोट्यांना उतरल्यावरच तो अधिकृतपणे मिळतो. एम्सच्या पाण्याची कीर्ती जुनी असली, तरी तिथल्या नगरपालिकेच्या नावात ‘बाड’ अधिकृतपणे आला तो विसाव्या शतकात. म्हणून १८७० सालच्या घटनेसंबंधी लिहिताना नुसते ‘एम्स’ लिहिणे बरोबर आहे आणि आजच्या गावाविषयी लिहिताना ‘बाड एम्स’ लिहिणेही तितकेच बरोबर आहे. उच्चाराचे म्हणाल तर जर्मन माणूस शब्दाच्या शेवटचा ‘ड’ जवळजवळ ‘ट’सारखा उच्चारतो, त्यामुळे ऐकताना ‘बाट एम्स’ असे कानावर पडेल. तरीही लेखनात ‘बाड’च ठेवावे असे मला वाटते, कारण ‘बाडन’मध्ये तोच ‘ड’ स्पष्ट ऐकू येतो आणि दोन्ही शब्दांचे नाते लिपीत टिकून राहते.

मराठी प्रतिशब्दाचा विचार करण्याआधी तिथे नेमके काय चालत असे ते पाहिले पाहिजे. ‘बाड’चा अर्थ स्नान असला, तरी एम्सची ख्याती स्नानाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, पाणी पिण्याची होती. इथले झरे उष्ण असून त्यांतील एकाचे पाणी सुमारे ५७ अंश सेल्सिअस तापमानाने बाहेर पडते. क्षार मिसळलेले हे पाणी घसा आणि श्वसनाच्या विकारांवर प्यायला देत, त्याची वाफ हुंगायला देत. त्या क्षारापासून केलेल्या घशाच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत आजही मिळतात. पिण्याच्या एका प्रसिद्ध झऱ्याचे नाव ‘क्रेनशेन’, म्हणजे चिमुकली तोटी. सकाळी तिथे पेला भरून घ्यायचा, घोट घोट प्यायचा, नदीकाठच्या रस्त्याने फेऱ्या मारायच्या आणि ठरल्या वेळाने पुन्हा पेला भरायचा, असा वैद्यांनी आखून दिलेला दिनक्रम असे. या साऱ्या उपचारक्रमाला जर्मन भाषेत ‘कुर’ म्हणतात आणि त्यासाठी आलेल्या पाहुण्याला ‘कुरगास्ट’. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की १८७४ पासून अनेकदा इथे आला तो असाच कुरगास्ट म्हणून, छातीच्या विकारावर हेच पाणी पिण्यासाठी.

‘एम्सची तार’ समजून घ्यायलाही हा दिनक्रम उपयोगी पडतो. प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म इथे नेमाने उपचाराला येत असे, आणि फेऱ्यांच्या रस्त्यावर राजालाही चालावेच लागे. दरबारात रीतसर भेट मागावी लागते. इथे वाटेत गाठ पडू शकत होती. १३ जुलै १८७० च्या सकाळी फ्रान्सचा राजदूत बेनेदेत्ती याने राजाला त्याच रस्त्यावर गाठले आणि राजाच्या होहेनत्सोलर्न घराण्यातील कोणीही यापुढे कधीच स्पेनच्या गादीवर हक्क सांगणार नाही, अशी हमी मागितली. राजाने नकार दिला. या भेटीचा वृत्तांत अधिकारी आबेकन याने तारेने बर्लिनला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याकडे पाठवला, बिस्मार्कने त्यात अशी काटछाट केली की नकार अपमानासारखा वाटावा, आणि तो मजकूर प्रसिद्धीला दिला. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. भेट झाली त्या जागी आज जमिनीत एक स्मृतिशिला बसवलेली आहे.

भाषेची आवड असणाऱ्यांनी एम्सशी जोडलेला आणखी एक दस्तऐवज ध्यानात ठेवावा, आणि तो तारेइतका माहीत नाही याची मला खंत वाटते. मे १८७६ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने इथे मुक्कामाला असतानाच एका फर्मानावर सही केली. त्या फर्मानाने युक्रेनियन भाषेतील बहुतेक सर्व पुस्तकांची छपाई, बाहेरून येणारी पुस्तके आणि रंगभूमीवरचे प्रयोग यांना बंदी घातली. मूळ लेखनाला फारच थोड्या सवलती होत्या, अनुवादाला तर मुळीच वाव नव्हता. १९०५ च्या सुमारापर्यंत त्याचा जाच चालू होता. युक्रेनियन लोकांच्या इतिहासात ‘एम्स’ हे नाव येते ते झऱ्यांमुळे नव्हे, या फर्मानामुळे. लाखो लोकांच्या बोलीवर घाला घालणारी सही परक्या मुलखातल्या विश्रांतीच्या गावी व्हावी, हे पचायला कठीण आहे.

आता मराठी शब्दाकडे. ‘स्पा’ हेही मुळात बेल्जियममधील एका गावाचे नाव. २०२१ मध्ये युरोपातील ज्या अकरा थोर गावांना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ते स्पा आणि आपले बाड एम्स दोन्ही आहेत. पण आपल्या शहरांत ‘स्पा’ म्हटले की मालिश आणि सौंदर्योपचाराचे दुकानच डोळ्यांपुढे येते, म्हणून तो शब्द मी टाळीन. ‘स्नाननगरी’त पिण्याचा उपचार सुटतो. ‘कुंड’ हा शब्द गोड आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे या नावांत झऱ्याचे ऊनपण अजून जपलेले आहे. मात्र आपल्याकडे कुंडाशी देऊळ, तीर्थ आणि श्रद्धा निगडित असते, तर एम्सला वैद्याचा सल्ला, ठरावीक मुदतीचा मुक्काम आणि त्याभोवती उभी राहिलेली बागबगीचे, वाद्यवृंद आणि १८७२ अखेरपर्यंत चाललेले जुगारगृह अशी वेगळीच दुनिया होती. पिणे, न्हाणे आणि वाफ घेणे या तिन्हींना सामावून घेणारा ‘जलोपचार’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे. त्यावरून ‘जलोपचारनगर’ हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो.

विशेषनामाचे भाषांतर मात्र करू नये. ‘बाड एम्सला गेलो’, ‘बाड एम्समधील झरे’ असे लिहावे आणि दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह देऊ नये. ‘बाडन-बाडन’ला ते मूळ लेखनातच आहे, म्हणून तिथे ठेवावे. एम्स नावाची नदीही जर्मनीत आहे, पण ती वायव्येकडे उत्तर समुद्राला मिळते. तारेचे एम्स लानच्या काठी आहे.