टाटा २५१८ चं कमिन्स ५.९ इंजिन न उघडता १० लाख किमी चालेल का?

प्रश्न असा आहे: २०१४ ची टाटा २५१८, दहा टायर, बीएस३, कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. ४ लाख ८० हजार किमी झालेत, इंजिन एकदाही उघडलेलं नाही. घाटात गाडी गरम होते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगतोय. १० लाख किमी गाठता येतील का, आणि त्यासाठी काय करावं?

गाठता येतील, पण थर्मोस्टॅट काढून नव्हे. त्याकडे पुढे येतोच, आधी किलोमीटरच्या हिशोबाबद्दल.

या इंजिनाच्या १० लाखांच्या कथा बहुतेक अमेरिकेतल्या आहेत. तिथे १९८९ च्या मॉडेलपासून डॉज रॅम पिकअपमध्ये याच घराण्याचं ५.९ लिटर इंजिन आलं. ती पिकअप रिकामी अडीच-तीन टनांच्या आसपास, बहुतेक वेळ हायवेवर सरळ पळणारी. तुमची गाडी भरून २५ टन. त्यामुळे तिथला आकडा इथे तसाच लावू नका. झीज किलोमीटरपेक्षा जाळलेल्या डिझेलशी जास्त जुळते. ४ च्या अ‍ॅव्हरेजने ४ लाख ८० हजार किमी म्हणजे १ लाख २० हजार लिटर. ओव्हरलोड आणि घाटामुळे अ‍ॅव्हरेज ३ पडत असेल, तर तेवढ्याच किलोमीटरला १ लाख ६० हजार लिटर. मीटर सारखं दिसतं, पण दुसऱ्या इंजिनाने एक तृतीयांश जास्त काम केलेलं असतं. म्हणून वहीत किमीशेजारी डिझेलचे लिटरही लिहीत जा, आणि इंजिन चालू ठेवून उभं राहिल्याचे तासही.

आता सगळ्यात मोठा शत्रू, धूळ. या इंजिनात लायनर (बदलता येणारी सिलिंडरची नळी) नाही, बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती भोकं, थेट ब्लॉकमध्येच केलेले आहेत. लायनरच्या इंजिनात बोअर गेला तर गाडीवरच नवा लायनर-पिस्टन संच बसतो. इथे ब्लॉक उतरवून मशीन शॉपला न्यावा लागतो, ०.५ मिमी किंवा १ मिमी ओव्हरसाइझ पिस्टन घालावे लागतात, आणि तेही संपलं की स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये ठोकून बसवलेली नवी नळी. म्हणजे बोअर वाचवणं हेच खरं काम, आणि बोअर खाणारी वस्तू म्हणजे हवेतून आत जाणारी बारीक वाळू.

एअर फिल्टर 'साफ' करण्याच्या नादात जितकी इंजिनं जातात, तितकी फिल्टर चोंदल्याने जात नाहीत, हे मी जबाबदारीने सांगतो. पंक्चरवाल्याची आठ-दहा किलोची हवा कागदावर मारली की घड्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर जमिनीवर आपटला की टोकाचं रबर सील वाकडं होतं. हवा मारायचीच असेल तर २ किलोच्या आत, आतून बाहेर, नोझल लांब धरून. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, फक्त बदलायचा. आणि फिल्टर बदलायची वेळ अंदाजाने ठरवू नका, रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर किती चोंदलाय ते दाखवणारा) बसवा. टर्बो इंजिनाला कमाल मर्यादा ६३५ मिमी पाण्याच्या स्तंभाची आहे, इंडिकेटर लाल झाला की बदला. त्याआधी दर आठवड्याला उघडून बघितलं की प्रत्येक वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच.

एक तपासणी आजच करा, दहा मिनिटांची आहे. फिल्टर ते टर्बो हा रबरी होज टर्बोच्या तोंडाशी सोडवा आणि पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. ब्रीदरमुळे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) किंचित तेलकटपणा असू शकतो, तो चालेल. फडक्यावर तपकिरी, बोटांत चोळल्यावर करकर लागणारी रेघ आली तर धूळ आत जातेय. मग क्लॅम्पखालचं रबर बघा, तिथेच गोल चीर पडते आणि वरून दिसत नाही. हवेच्या कॉम्प्रेसरला याच बाजूने हवा देणारा बारीक पाइप असेल तर त्याचा जोडही बघा. लक्षात ठेवा: टर्बोच्या आधीची गळती धूळ आत ओढते, टर्बोच्या पुढची गळती हवा बाहेर फेकते. पुढच्या गळतीने काळा धूर येतो, ओढ कमी होते, ड्रायव्हर तक्रार करतो. टर्बोच्या आधीच्या गळतीची तक्रार कुणीच करत नाही, कारण गाडी छान ओढत असते.

आता थर्मोस्टॅट. तो साधारण ८० ते ८५ अंशांना उघडायला लागतो. बंद असताना पाणी बायपासमधून इंजिनातच फिरतं, पूर्ण उघडला की तो बायपास बंद करून सगळं पाणी रेडिएटरकडे पाठवतो. तो काढलात की बायपास कायम उघडा राहतो. पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो, म्हणजे घाटात पूर्ण लोडवर गाडी उलट जास्त गरम होऊ शकते. आणि सपाटीवर, रिकाम्या फेरीत, थंडीच्या रात्री इंजिन ६० अंशांच्या वर जातच नाही. थंड बोअरवर डिझेल पूर्ण जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, रिंगांच्या खाचांत कार्बन बसतो, ब्लोबायमधलं (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) पाणी ऑइलमध्येच राहून चिकट गाळ होतो. उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट नको ही समजूत गॅरेजमध्ये फार खोल रुजलेली आहे, आणि तिने बरीच चांगली इंजिनं अकाली उघडायला लावली आहेत.

मग गाडी गरम का होते? या क्रमाने बघा. रेडिएटर आणि त्याच्यापुढचा इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत भुसा, किडे, माती साचते. समोरून दोन्ही स्वच्छ दिसतात, म्हणून दोघांना वेगळं करून इंजिनच्या बाजूने पुढे कमी दाबाचं पाणी मारा. मग फॅन बेल्टचा ताण आणि टेन्शनर. मग रेडिएटर कॅपचं सील, कारण कॅप दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. मग थर्मोस्टॅट: भांड्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून, कधी उघडतो ते बघा, अडकत असेल तर नवा घाला. शेवटी आतला क्षार. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं असेल तर हेडच्या पाण्याच्या वाटांत पांढरा थर असणारच. फ्लश करून कूलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी अर्धं-अर्धं भरा, आणि रस्त्यात टॉपअपसाठी त्याच मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवा. दोन रंगांची, दोन जातींची कूलंट एकत्र करू नका. (ताफ्यात वेट लायनरचं, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं असं इंजिन असेल तर तिथे कूलंट याहून महत्त्वाचं. साध्या पाण्यावर चालवलं की लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात आणि एक दिवस पाणी थेट चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइल पॅनमध्ये उतरतं.)

ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं, घाट आणि धुळीच्या कामाला पुस्तकातल्या कठीण वापराच्या अंतराने बदललेलं, एवढं पुरे. महागडे अ‍ॅडिटिव्ह नकोत. ते पैसे ऑइलच्या लॅब तपासणीत घाला. नमुना गरम इंजिनातून, ऑइल काढताना धार मधोमध असताना, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या. सुरुवातीची धार तळातला गाळ आणते. एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, तीन-चार रिपोर्ट ओळीने ठेवून बघा. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकत्र वाढत असेल तर धूळ, परत होजकडे जा. एकटा सिलिकॉन ताज्या सिलिकॉन सीलंटमुळेही वाढतो, तेव्हा घाबरू नका. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर कूलंट ऑइलमध्ये येतंय. शिसं आणि तांबं एकत्र वाढलं तर बेअरिंग शेल. तेव्हा चेंबर उतरवून बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामधलं) बदलणं हा क्रँक वाचवणारा खर्च आहे. डिझेल मिसळल्याचं दिसलं तर डिझेल फवारणारी नोझल टपकतेय का ते आधी बघा.

ऑइलचा दाब साध्या मेकॅनिकल गेजवर बघा. गरम इंजिनात आयडलला किमान ०.७ किलो, पूर्ण वेगात किमान २.१ किलो. या किमान मर्यादा आहेत. दाब सावकाश उतरत चाललाय का, ते वहीत दिसलं पाहिजे.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं, बरेच जण आवाज आल्यावर करतात. खरा धोका आवाज न येणाऱ्या घट्ट टॅपेटचा: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही, आणि तो जळतो. थंड इंजिनात इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. एक नंबर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा आणि इनटेक १, २, ४ व एक्झॉस्ट १, ३, ५ लावा. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून इनटेक ३, ५, ६ व एक्झॉस्ट २, ४, ६ लावा. लॉकनट २४ न्यूटन-मीटर. नट आवळल्यावर फिलर (फट मोजायची पट्टी) पुन्हा घालून बघा, आवळताना स्क्रू हमखास फिरतो.

पुढे कधी टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढच्या गियरवरचं झाकण) उघडलंच तर आतली एक बारीक डॉवेल पिन बघून घ्या. डॉज रॅममधल्या जुन्या १२ व्हॉल्व्हच्या इंजिनांत ती थरथरीने बाहेर सरकून गियरमध्ये पडल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बोल्टने दाबली की ती सरकत नाही.

डिझेलबाबत थोडक्यात: वॉटर सेपरेटर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी सोडा, टाकी रात्री भरून ठेवा, रस्त्याकडेला बायोडिझेलच्या नावाखाली स्वस्तात मिळणारं काहीही घेऊ नका. नोझल वर्षातून एकदा पंप लॅबमध्ये दाब, फवारा आणि टपकणं या तिन्हीसाठी तपासून घ्या. टपकणारी एक नोझल एका पिस्टनचं डोकं वितळवू शकते, आणि तोवर बाकीचे पाच सिलिंडर गाडी ओढत राहतात.

ड्रायव्हरच्या पायाबद्दल. चढावर वरच्या गियरमध्ये ११००-१२०० वर अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून इंजिन कण्हत चढवणं बेअरिंगला आणि पिस्टनला सगळ्यात वाईट. एक गियर कमी करा, १५०० च्या वर ठेवा. उतारावर उलट: गव्हर्नर फक्त डिझेल कापतो, चाकांनी इंजिन फिरवायला लागल्यावर तो काही करू शकत नाही. खालच्या गियरमध्ये २५०० ची रेटेड मर्यादा बरीच ओलांडली की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो, पुशरॉड वाकतो. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच गियर निवडा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा. न्यूट्रलमध्ये घाट उतरणं इंजिनाच्या नव्हे, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, ते कधीच नाही. कसारा किंवा खंबाटकी चढून वर चहाला थांबलात तर तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतं. पण पाच म्हणजे पाच. लोडिंगच्या रांगेत तासभर चालू ठेवणं हा दुसऱ्या टोकाचा त्रास आहे.

आणि इंजिन उघडायचं कधी? किमी बघून नाही. दर १००० किमीला किती ऑइल टाकावं लागतं ते लिहा. गरम इंजिनात ऑइलचं झाकण सोडून तोंडावर उलटं ठेवा: नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे वर सांगितलेला ब्लोबाय, वाढलंय. मात्र लगेच बोअरवर ठपका ठेवू नका, टर्बोचं सील किंवा हवेचा कॉम्प्रेसर गेला तरी क्रँककेसमध्ये दाब येतो. कॉम्प्रेसरचा पाइप सोडून तीच चाचणी परत करा. ऑइलचा खप सहा महिन्यांत दुपटीने वाढला, ऑइलमधलं लोखंड चढतंय, सकाळी निळा धूर आहे आणि कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडर सिलिंडरमध्ये फरक आहे, हे सगळं जुळलं तर उघडा, ओढत बसू नका. वेळेत उघडलेला ब्लॉक ०.५ मिमी ओव्हरसाइझवर निभावतो, उशीर केला तर थेट स्लीव्हवर जातो. मशीन शॉपमध्ये बोअर केल्यावर होनिंगची जाळी (भिंतीवरचे तिरपे बारीक ओरखडे) नीट मारली आहे का बघा, आणि पहिले काही दिवस गाडी मध्यम लोडवर, वेग बदलता ठेवून चालवा. नवीन इंजिन तासन्‌तास आयडलवर 'बसवायला' ठेवलं तर बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा बसतच नाहीत आणि नवं इंजिन पहिल्या महिन्यापासून ऑइल खातं.