नुसत्या वायरी जोडत नाहीयेस तू

सांगली जिल्ह्यातून डिप्लोमाच्या, इ अँड टीसी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचं पत्र आलंय. चौघांचा प्रोजेक्ट आहे, उसातलं तण ओळखणारा छोटा रोबो, जेटसन नॅनो बोर्ड (एआय चालवणारा एनव्हिडियाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि दोन यूएसबी वेबकॅम. तिघं मित्र एआय मॉडेल करतात आणि ह्याच्याकडे बोर्ड आणि कॅमेरे आलेत. तो लिहितो, "मॅडम, महिना झाला, मोटर सुरू केली की बोर्ड रिस्टार्ट होतो, दुसरा कॅमेरा लावला की मेमरी फुल दाखवतो, कधी डावा कॅमेरा उजवा होतो. गाईड सर म्हणतात तू नुसत्या वायरी जोडतोयस. बाबा म्हणतात हे सोड आणि डेटा सायन्सचा क्लास लाव. ह्यात करिअर आहे का?"

मित्रा, आहे. आणि तू महिनाभर जे करतोयस तेच ते करिअर आहे, एम्बेडेड सिस्टिमचं, म्हणजे यंत्राच्या आतला छोटा कॉम्प्युटर चालता करायचं, फक्त ते कामासारखं कसं करायचं हे तुला कुणी दाखवलं नाहीये. म्हणून आधी तुझा बोर्डच बघू.

रिस्टार्ट होतो ती जवळपास नक्की पॉवरची भानगड आहे, कोड बघत बसू नकोस. नॅनोला तू मायक्रो यूएसबीने पॉवर देत असशील तर तिथून साधारण ५ व्होल्ट २ अँपिअरचाच हिशोब असतो, त्यात दोन कॅमेरे, वर मॉडेल चाललं की ते पुरत नाही. गोल जॅकवरून ५ व्होल्ट ४ अँपिअर देता येतात पण त्यासाठी जे४८ लिहिलेल्या दोन पिनांवर जंपर बसवावा लागतो, तो नसेल तर जॅक लावूनही बोर्ड ढिम्म. आणि मोटर आणि बोर्ड एकाच बॅटरीवर असतील तर मोटर सुरू होताना खूप करंट ओढते आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. तुझा मल्टिमीटर तेव्हाही ५ च दाखवेल कारण तो एवढा फास्ट नसतो. लॅबमधला डीएसओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप, घे, प्रोब बोर्डाच्या टोकाला लाव, बॅटरीच्या नाही, ट्रिगर फॉलिंग एजवर ४.७ व्होल्टच्या आसपास, सिंगल मोड, म्हणजे व्होल्टेज त्याखाली घसरलं की ते चित्र स्क्रीनवर थांबेल, आणि मोटर चालू कर. खड्डा दिसला की फोटो काढून ठेव. मग बोर्डाला वेगळा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून ५ वर धरणारं सर्किट), जाड आणि आखूड वायर, ग्राउंड मात्र कॉमन.

"मेमरी फुल" म्हणतोस तो मेसेज बहुतेक "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असेल आणि तू एसडी कार्डवरच्या फाइली डिलीट करत बसला असशील, सगळेच करतात. ती जागा कार्डवरची नाही रे, यूएसबीच्या रस्त्यावरची आहे. नॅनोचे चारही पोर्ट आत एकाच हबवर आहेत, तुझे वेबकॅम यूएसबी २ चे, म्हणजे दोघांत मिळून कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. कॉम्प्रेस न केलेला ६४० बाय ४८० चा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने १४७ मेगाबिट खातो, आणि कॅमेरे बऱ्याचदा लागते त्याहून जास्त जागा आधीच अडवतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं. कॅमेरा एमजेपेगवर, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओवर, टाक नाहीतर फ्रेम कमी कर, बहुतेक वेळा सुटतं. डावा-उजवा बदलतो कारण व्हिडिओ-झीरो, व्हिडिओ-वन ही नावं जो आधी सापडला त्याला मिळतात, त्याऐवजी बाय-पाथ फोल्डरमधलं नाव वापर, ते पोर्टवरून ठरतं.

एक आणखी, नॅनोचं जेटपॅक (त्यावर टाकायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) ४.६ वर थांबलंय, आत उबुंटू १८.०४ आहे, त्यामुळे नव्या उबुंटूचे व्हिडिओ बघून कमांड मारल्या तर सिस्टिमचा खेळखंडोबा होतो.

मुलांना इंटरव्ह्यूला पाठवायच्या ह्या कामात येण्याआधी मी सहा वर्षं ऑटोमेशनमध्ये होते. एका ट्रॉलीचा कॅमेरा फक्त डावीकडे वळताना जायचा, आम्ही तीन दिवस सॉफ्टवेअर उकरलं, शेवटी आमच्या टेक्निशियनने टॉर्च मारून दाखवलं, रिबन केबलच्या कनेक्टरचं काळं लॅच एका बाजूने केसभर वर होतं आणि वळताना केबल ताणली जायची. त्या दिवसापासून मी वहीत तीन रकाने पाडायला लागले, काय झालं, काय एकच गोष्ट बदलली, मग काय झालं. तूही आजपासून ही वही कर, डीमेसेजच्या (लिनक्स स्वतः नोंदवतं त्या मेसेजच्या) ओळी तारखेसकट लिहून ठेव. इंटरव्ह्यूला मी मुलांना पाठवते तेव्हा बघते ना, मॉडेलची अ‍ॅक्युरसी सांगणारे खूप असतात, पण "बोर्ड का पडत होता ते मी असं शोधलं" हे सांगणारा एखादाच असतो, आणि समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

आता बाबांचं. त्यांची काळजी चुकीची नाही, ह्या लाइनीत फ्रेशरच्या जागा वेब किंवा डेटापेक्षा कमी दिसतात आणि चांगल्या कंपन्या डिग्री मागतात, हे त्यांना सरळ सांग. म्हणून डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला अ‍ॅडमिशन घे, सी आणि लिनक्स पक्कं कर, सर्किटचं स्किमॅटिक वाचायला शिक. डिग्रीनंतर वाटलं तर सीडॅक ह्या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा सहा महिन्यांचा पीजी डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही एंट्रन्स द्यावी लागते. डिग्रीत असताना आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र ह्या रोबोटिक्स स्पर्धेत टीम घालता आली तर घाल. पायथन आणि मॉडेल समजण्यापुरतं मित्रांकडून शीक, तेवढ्यासाठी क्लासची फी आत्ता भरू नका असं माझं मत आहे.

आणि गाईड सरांशी वाद नको घालू, डीएसओचा तो फोटो नेऊन दाखव. किती व्होल्टपर्यंत खाली गेलं ते मलाही कळव, आणि बॅटरी कुठली आहे तेही लिही, पत्रात राहिलंय.